बत्ताशावरचा उजेड

मी जिना चढून गच्चीवर आलो तेव्हा माझ्या गळ्यात हार होता आणि हातात नारळ. नऊ वाजत आले होते. वाचनालयाच्या सभागृहात दोनशे माणसांपुढे तासभर बोलून मी घरी परतलो होतो. बायकोनं ‘कसं झालं भाषण?’ एवढं विचारावं, इतकीच माझी अपेक्षा होती.

नर्मदा दुर्बिणीशेजारी स्टुलावर बसली होती. मांडीवर वही, पायाशी घरातलं गजराचं घड्याळ. तिनं हाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

“अहो,” ती म्हणाली, “बत्ताशावर उजेड झाला होता.”

“कुठे?”

“बत्ताशावर. आठ वाजून पाच मिनिटांनी दिसायला लागला. आठ सतराला गेला.”

तो रविवार होता, वीस जुलै एकोणीसशे एकोणसत्तर. तीन माणसं चंद्राभोवती घिरट्या घालत होती आणि त्यांतले दोघं पहाटेच्या आत खाली उतरणार होते. सगळी बार्शी रेडिओला कान लावून बसली होती. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि गावातली एकुलती एक दुर्बीण माझ्या गच्चीवर होती, म्हणून त्या संध्याकाळचं व्याख्यान माझ्याकडे आलं होतं.

बत्तासा हे नर्मदेनं ठेवलेलं नाव. चंद्रावरच्या विवरांची इंग्रजी नावं तिच्या जिभेवर बसत नसत, म्हणून तिनं आपली नावं पाडली होती. एका गुळगुळीत काळ्या विवराला ती तवा म्हणायची, एका रुंद विवराला परात. सगळ्यांत लखलखीत पांढरं जे होतं, ते बत्तासा. शुक्ल पक्षाच्या सुरुवातीला चंद्राचा बराचसा भाग अंधारात असतो, पण पृथ्वीवरून परतलेला मंद उजेड त्याच्यावर पडतो आणि त्यातही बत्ताशाचा ठिपका ओळखू येतो.

“अंधुक दिसतोच तो,” मी म्हणालो.

“अंधुक नव्हता. निखाऱ्यावर फुंकर घालावी तसा फुलत गेला. मग थांबला, मग विझला. मी डोळा बदलून बघितलं, भिंग बदलून बघितलं.”

“नळीच्या आत कुठला तरी दिवा चमकला असेल.”

“मग दुर्बीण हलवल्यावर उजेड जागचा हलला असता ना? मी हलवून पाहिली. तो बत्ताशावरच होता.”

हाच प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारला असता. नारळ कठड्यावर ठेवून मी दुर्बिणीला डोळा लावला. बत्तासा नेहमीसारखा अंधुक, गप्प होता.

“भास झाला असेल,” मी म्हणालो. “फार वेळ डोळे ताणले की होतं तसं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि घड्याळ उचललं. “चला, पानं घेते,” ती म्हणाली.

त्या रात्री लोक चंद्रावर उतरणाऱ्या माणसांचा विचार करत होते. मी आठ वाजून पाच मिनिटांचा करत होतो.

आमचं घराणं तांबटांचं. बाप-आजा हंडे-कळश्या ठोकत आले. एम.एस्सी. झालेला मी घरातला पहिला. दुर्बिणीची पितळी नळी माझ्या थोरल्या भावानं ठोकून दिली होती. सहा इंची आरसा मी स्वतः घासला, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं असं होतं की सुरुवातीचे आठ दिवस मी घासला. एक जाड काच पिंपावर बसवायची, वर दुसरी ठेवायची, मध्ये पाणी आणि घासायची पूड, आणि पिंपाभोवती फिरत फिरत तास न् तास एका लयीत हात चालवायचा. माझा हात घाई करायचा. नर्मदेचा करायचा नाही. पुढचे चार महिने दुपारचं आवरून ती त्या पिंपाभोवती फिरली. मी कॉलेजातून आलो की मोजमाप घ्यायचो आणि म्हणायचो, अजून थोडं.

तीन वर्षं मी त्या दुर्बिणीतून पाहत होतो. प्रत्येक स्वच्छ संध्याकाळची नोंद ठेवत होतो. इंग्रजी मासिकांत वाचायचो की दूरदेशीच्या कुणा हौशी माणसाला चंद्रावर क्षणभर लाली दिसली, कुणाला धुरकट डाग दिसला, आणि वाटायचं, एकदा, फक्त एकदा मलाही दिसावं. आणि ज्या संध्याकाळी ते घडलं त्या संध्याकाळी मी वाचनालयात टेबलावर हात आपटून लोकांना सांगत होतो की विज्ञान म्हणजे निरीक्षण.

भास झाला, असं तिला सांगितलं खरं. पण मला स्वतःला ते एक मिनिटही पटलं नव्हतं.

*

ऑगस्टअखेर गजेंद्र शेटे घरी आला. तो ‘बालाघाट वार्ता’ नावाचं साप्ताहिक काढायचा. महिन्याभरात त्यानं गावोगाव व्याख्यानांचा सपाटा लावला होता. विषय एकच, ‘चंद्रावर काय लपवलं?’ चांद्रयात्रींनी तिथं उभी असलेली यानं पाहिली, ते ओरडले, आणि नेमका त्याच वेळी आवाज बंद करण्यात आला, असं तो सांगायचा. आधार विचारला की म्हणायचा, “आधार लपवलाय, म्हणून तर मी बोलतोय.” माझ्या व्याख्यानाला दोनशे माणसं होती. त्याच्या व्याख्यानाला लोक खिडक्यांत बसायचे.

“सर, तुमच्याकडे काम नाही,” चपला काढता काढता तो म्हणाला. “वहिनींकडे आहे.”

शेजारी राहणाऱ्या डिकॉस्टांकडून त्याला कळलं होतं. डिकॉस्टा आमच्या बार्शीच्या छोट्या रेल्वेवरचे निवृत्त गार्ड. एकटेच राहायचे, संध्याकाळी ओट्यावर बसायचे, आणि नर्मदा त्यांना काकडीची कोशिंबीर नेऊन द्यायची.

नर्मदा पदराला हात पुसत बाहेर आली.

“वहिनी, वीस जुलैला तुम्ही चंद्रावर काय पाहिलंत?”

“उजेड.”

“हालचाल करत होता?”

“नाही. जागचा हलला नाही.”

“यानाचा असेल?”

“ते मला कसं कळणार? उजेड होता तेवढं मी पाहिलं.”

“पण वहिनी, त्याच दिवशी माणसं तिथं होती. त्यांना दिसलं असणारच. मग ते बोलले का नाहीत?”

“त्यांना विचारा,” नर्मदा म्हणाली. “मी पाहिलेलं मी सांगितलं. न पाहिलेलं कसं सांगू?”

मला आतून फार बरं वाटलं. वाटलं, आता हा जाईल. पण शेटे हसत उठला आणि पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापून मोकळा झाला. ‘बार्शीच्या गृहिणीने पाहिले ते अमेरिकेने दडवले.’

मग जो-तो विचारू लागला. भाजीवालीनं तिला कोथिंबीर फुकट दिली. शेजारच्या गल्लीतल्या बायका गच्ची बघून गेल्या. स्टाफरूममध्ये मी शिरलो की कुणी तरी म्हणायचं, “तांबटसर, वहिनींचा बत्तासा काय म्हणतो?” प्राचार्य खडक्यांनी तर मला थांबवून सांगितलं, “एकदा त्यांना विद्यार्थ्यांशी बोलायला आणा की.” तीन वर्षांत माझ्या नोंदवह्या बघायला हा माणूस एकदाही माझ्या घरी आला नव्हता.

घरी येऊन मी नर्मदेला म्हणालो, “लोक हसतायत आपल्याला.”

“कोण हसतंय?”

“सगळे. आता पुरे हा विषय.”

ती गव्हातले खडे वेचत होती. वेचतच राहिली.

*

दिवाळीला ती परांड्याला माहेरी गेली. चौथ्या दिवशी पोस्टमन परदेशी शिक्क्याचं निळं पाकीट घेऊन आला. वर टाइप केलेलं नाव होतं, मिस्टर एन. डी. तांबट.

मी दिगंबर नारायण, डी. एन. नर्मदा दिगंबर, एन. डी. पण पुढे ‘मिस्टर’ होतं. त्या एका शब्दाचा आधार घेऊन मी पाकीट फोडलं.

पत्र परदेशातल्या एका वेधशाळेचं होतं. माझ्याकडे येणाऱ्या इंग्रजी मासिकात त्यांचं निवेदन आलं होतं की चांद्रस्वारीच्या दिवसांत कुणाला चंद्रावर काही वेगळं दिसलं असेल तर आधी फक्त तारीख कळवा, तपशील आम्ही मागू. नर्मदेनं ते डिकॉस्टांकडून वाचून घेतलं होतं आणि त्यांच्याकडून टाइप करून दोन ओळी पाठवल्या होत्या. मला न सांगता.

उत्तर मात्र पानभर होतं. त्या सुमारास चांद्रयात्रींनाही त्या विवराकडे पाहायला सांगितलं होतं, त्यांनाही तो भाग आजूबाजूपेक्षा उजळ वाटला, त्याचं कारण कुणालाच नीट ठाऊक नाही, असं त्यात मोकळेपणानं लिहिलं होतं. शेट्याच्या गुपितांचा फुगा त्या चार ओळींत फुटत होता. पुढे लिहिलं होतं, ‘आपल्यापासून बऱ्याच दूर असलेल्या एका निरीक्षकानेही वीस जुलैची नोंद पाठवली आहे. दोन्ही नोंदी स्वतंत्र राहाव्यात म्हणून त्याची वेळ आम्ही आपल्याला सांगत नाही. कृपया आपली मूळ वेळ, रेखाटन आणि दुर्बिणीची माहिती पाठवावी. आपल्या नोंदीचे महत्त्व फार मोठे ठरू शकते.’

आपल्या नोंदीचे महत्त्व. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग नर्मदेची वही काढली.

पेन्सिलीनं काढलेलं गोल चित्र होतं. तवा, परात, सगळं जिथल्या तिथं. बत्ताशाभोवती तिनं बोटानं शिसं पुसून उजेड दाखवला होता, आणि कडेला लहान अक्षरांत दर दोन मिनिटांची नोंद. माझ्या तीन वर्षांच्या वह्यांत असं एक पान नव्हतं.

मी ते चित्र शाईनं कोऱ्या कागदावर उतरवलं. खाली निरीक्षक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि एक ओळ टाकली की आधीच्या पत्रात आद्याक्षरांची अदलाबदल झाली होती. वेळेपाशी मात्र अडलो. आठ पाचला मी कुठे होतो हे दोनशे माणसांना ठाऊक होतं. साडेसातला मी घरातून निघालो होतो. त्याआधीची वेळ द्यायला हवी होती. मी लिहिलं, सात वाजून दहा मिनिटं ते सात बावीस.

शेवटी फरक किती, असं मी मनाला समजावलं. एक तासाचासुद्धा नाही.

पत्र मी स्वतः पोस्टात नेऊन टाकलं. नर्मदा आली तेव्हा तिची वही फडताळात जागच्या जागी होती.

आठवडाभरानं जेवताना ती म्हणाली, “तुम्हाला एक सांगायचंय. रागावणार नाही ना?”

“काय?”

“मी त्या मासिकातल्या पत्त्यावर पत्र पाठवलंय. डिकॉस्टाकाकांनी लिहून दिलं. तुम्ही भास म्हणालात, म्हणून वाटलं, त्यांनाच विचारावं. भास असेल तर तेही सांगतील.”

मी ताटातला भात कालवत राहिलो.

“कधी पाठवलंस?”

“सप्टेंबरात. येईल ना हो उत्तर?”

“बघू,” मी म्हणालो. “मोठी माणसं ती. त्यांना अशी हजार पत्रं येत असतील.”

*

रोज साडेअकराला पोस्टमन गल्लीत यायचा. तेव्हा ती काही ना काही निमित्त काढून दारात असायची. कधी तुळशीला पाणी, कधी उंबरा पुसणं. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. डिकॉस्टा म्हणाले, “बेटी, समुद्रावरून येतं पत्र. गहाळ होतं कधी कधी. दुसरं लिहू या का?” ती म्हणाली, “नको. मागितल्यासारखं वाटतं.”

मार्चमध्ये तिनं दारात उभं राहणं सोडलं. एप्रिलात शेट्याचं मोठं व्याख्यान होतं. ती मला म्हणाली, “मी जाणार आहे.”

“त्या थापाड्याकडे?”

“तुम्ही येऊ नका, हवं तर.”

मी गेलो. सभागृह तुडुंब भरलं होतं. शेट्यानं नेहमीचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, “आपल्याच गावच्या एक साक्षीदार इथं आहेत.” नर्मदा उठली. व्यासपीठावर गेली नाही, जागेवरूनच बोलली.

“मी चंद्रावर उजेड पाहिला,” ती म्हणाली. “यान पाहिलं नाही. ते यांनी मनचं छापलं. तेव्हा मला यांचा राग आला होता. मला वाटायचं, ही शिकलेली माणसं कशाला काय लपवतील? म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. काय पाहिलं तेवढंच लिहिलं. आठ महिने होत आले. भास होता, असंसुद्धा त्यांनी कळवलं नाही. आता मला वाटतं, यांचं खरं असेल. काही तरी लपवत असतील.”

टाळ्या पडल्या. शेट्यानं हात जोडले. मी चौथ्या रांगेत होतो, माझ्या दोन्ही बाजूंना माझे विद्यार्थी होते. उठायला एक क्षण पुरला असता. तो क्षण गेला, आणि मला आठवतं, टाळ्या थांबेपर्यंत मी एकच गोष्ट मोजत होतो की माझ्या व्याख्यानाला यापेक्षा किती कमी वेळ टाळ्या पडल्या होत्या.

त्यानंतर ती गच्चीवर येईनाशी झाली. मी बोलवायचो. ती म्हणायची, “तुम्ही बघा. मला कामं आहेत.”

*

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत, मी पत्रात दिलेल्या कॉलेजच्या पत्त्यावर एक जाडजूड पुस्तक आलं. चंद्रावरची शेवटची स्वारी दोन महिन्यांपूर्वीच आटोपली होती. त्या साऱ्या मोहिमांच्या काळात जगभरच्या लोकांनी चंद्रावर जे जे पाहिलं, त्याची ती सूची होती. पुस्तक प्राचार्यांच्याच हातात पडलं. ते वर्गात आले आणि मुलांसमोर मला मिठी मारली.

“तांबट, परदेशी ग्रंथात आपलं नाव! आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“विशेष काही नाही, सर.”

“अहो, विशेष नाही काय? शनिवारी सत्कार. वहिनींना घेऊन या.”

पुस्तक त्यांनी स्वतःकडेच ठेवलं, त्यामुळे मला नोंद वाचायलाच मिळाली नाही. घरी काय सांगायचं याचा मी तीन दिवस विचार केला. शेवटी म्हणालो, “माझ्या दुर्बिणीच्या कामाबद्दल सत्कार आहे.” तिला आनंद झाला. खरंच झाला. तिनं ठेवणीतलं अंजिरी लुगडं काढलं.

सत्कार झाला. शाल आली, श्रीफळ आलं. प्राचार्य बोलायला उभे राहिले. “वीस जुलै एकोणसत्तर. वहिनींचा बत्तासा आपण ऐकून होतोच. पण मानव चंद्रावर उतरायच्या काही तास आधी आपल्या तांबटसरांनीही चंद्रावर एक गूढ प्रकाश पाहिला...”

मी समोर पाहिलं. नर्मदा पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. जरा वेळ ते तसंच राहिलं, जसं दाराशी आलेल्या माणसाला ओळखेपर्यंत आपण हसत राहतो.

प्राचार्यांनी खाली उतरून मोठ्या कौतुकानं पुस्तक तिच्या हातात दिलं. पान उघडूनच दिलं. तिला मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी येत होतं, आणि आकडे तर आकडेच असतात. तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. बोट एका ओळीवर थांबलं. मग खालच्या ओळीवर गेलं. तिथं फार वेळ थांबलं. माझं आभाराचं भाषण झालं, चहा झाला, तरी ते पुस्तक तिच्या मांडीवर उघडंच होतं.

आम्ही घरी आलो. ओटीवर येऊन पुस्तक तिनं माझ्यासमोर ठेवलं. प्राचार्यांकडून ते ती एका दिवसापुरतं मागून घेऊन आली होती.

“वाचा,” ती म्हणाली.

मी वाचलं. वीस जुलैखाली दोन नोंदी होत्या. पहिली माझी. ‘बार्शी, भारत. डी. एन. तांबट. सात दहा ते सात बावीस. शेरा: या वेळी निरीक्षकाच्या आकाशात संधिप्रकाश असणार. नोंद शंकास्पद.’ खाली दुसरी होती. सिलोनमधल्या चहाच्या मळ्यावरच्या कुणा व्यवस्थापकाची. त्यानं आपल्याकडचीच प्रमाणवेळ धरून लिहिली होती. ‘आठ चार ते आठ सोळा. शेरा: निरीक्षण काळजीपूर्वक, परंतु एकट्याचे. दुजोरा मिळालेला नाही.’

प्राचार्यांनी नावापुढे काही वाचलंच नसावं.

“त्यांनी उत्तर पाठवलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“केव्हा?”

“दिवाळीत. तू परांड्याला होतीस.”

“मी दारात उभी राहायचे तेव्हा ते घरात होतं?”

“कॉलेजच्या कपाटात होतं.”

ती भिंतीला टेकून खाली बसली. अंगावर अजून ते अंजिरी लुगडं होतं.

“म्हणजे त्यांनी काहीच लपवलं नव्हतं,” ती म्हणाली. “आणि मी एवढ्या लोकांसमोर उभी राहून त्या माणसांना खोटं ठरवलं.”

मला वाटलं होतं की ती माझ्याबद्दल बोलेल. आरडाओरडा करेल, माहेरी जाईन म्हणेल. मी त्याची तयारी करून बसलो होतो. पण तिला लाज वाटत होती ती त्या परक्या लोकांची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डिकॉस्टांकडून टाइप केलेला कागद घेऊन आली. निरीक्षण माझं नसून तिचं आहे, खरी वेळ आठ पाच ते आठ सतरा, आणि वेळ मी जाणूनबुजून बदलली, असं त्यात लिहिलं होतं. सोबत तिच्या वहीतलं मूळ पान जोडलं होतं.

“सही करा,” ती म्हणाली.

“नर्मदे, हे प्राचार्यांच्या कानावर गेलं तर...”

“त्यांच्याकडे मी पुस्तक परत द्यायला जाणारच आहे. तेव्हा सांगेन. तुम्ही सांगितलंत तर जास्त बरं.”

मी सही केली. प्राचार्यांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फक्त “बरं,” म्हणाले. त्यानंतर आठ वर्षं आम्ही एका कॉलेजात होतो, पण मला त्यांनी पुन्हा कधी ‘तांबट’ अशी हाक मारली नाही. ‘मिस्टर तांबट’ म्हणायचे. शेट्याकडे नर्मदा स्वतः गेली. तिचं म्हणणं त्यानं छापलं नाही. लोकांना गुपित हवं असतं, तो म्हणाला, नवरा-बायकोचं भांडण कोण वाचणार?

जूनमध्ये उत्तर आलं. या वेळी पाकिटावर मिसेस एन. डी. तांबट असं नाव होतं. पोस्टमननं ते तिच्या हातात दिलं तेव्हा मी ओटीवरच होतो. तिनं ते तिथंच, उभ्यानं वाचलं. मग घडी करून पदराखाली धरलं.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“तुम्हाला नाही लिहिलेलं,” ती म्हणाली आणि डिकॉस्टांकडे गेली.

दोन दिवस मी दम धरला. तिसऱ्या संध्याकाळी डिकॉस्टांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

“प्रोफेसर, त्यांनी माफी मागितली तिची,” ते म्हणाले. “पहिल्या पत्रावर मिस्टर लिहिलं म्हणून. चित्र फार सुंदर आहे म्हणतात. जपून ठेवणार आहेत.”

“आणि नोंद? दुरुस्त करणार?”

त्यांनी मान हलवली. “नाही. म्हणतात, तुमच्यावर आमचा विश्वास आहे. पण सिलोनची वेळ आता पुस्तकात छापून आलीय. ती कोणीही वाचू शकतो. छापल्यावर आलेली वेळ आम्हाला पुरावा म्हणून धरता येत नाही. तेव्हा आली असती तर...”

मी विचारलं, “रडली का ती?”

“नाही.”

“मग? काही बोलली असेल.”

“मी चिडलो होतो,” डिकॉस्टा म्हणाले. “म्हटलं, बेटी, हा अन्याय आहे, आपण परत लिहू. तर पत्राची घडी करत ती म्हणाली, ‘नको, काका. बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर मीसुद्धा धरली नसती.’”

गल्लीत दिवे लागत होते. घरातून तिच्या भांड्यांचा आवाज येत होता. आज नर्मदा नाही, आणि मी ऐंशीच्या पुढे गेलोय. आता खोटं बोलून मला काही मिळायचं नाही. त्या ओट्यावर बसून, ते ऐकल्यावर, मला पश्चात्ताप झाला असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो नंतर झाला, पुष्कळ झाला. पण त्या वेळी, सगळ्यांत आधी, मला तिचा हेवा वाटला.